वहाणांचा जोड

“हलू नका म्हटलं ना. काटा आतच मोडंल.”

“अगं, भोंगा व्हायची येळ झाली. सोड, चालतंय.”

“चालतंय काय? सायबापुढं लंगडत जाणार व्हय?”

ह्यांचा पाय माझ्या मांडीवर होता आणि माझ्या हातात सुई. बाभळीचा काटा टाचेत खोल रुतला होता. टाच कसली, उन्हाळ्यातलं भेगाळलेलं रान बरं. सुई कुठवर गेली हे त्यांना कळत नव्हतं आणि काटा कुठं आहे हे मला. तिसरा उन्हाळा होता त्या पायांना वहाण माहीत नसल्याचा.

“एक दिस वहाणा घातल्या तर भैरोबा काय डोंगर उतरून बघाय येणार हाय?” मी पुटपुटले. पुटपुटले खरी, पण चुलीपुढच्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

“येतो,” चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या. “रातभर शीव फिरतो त्यो. त्याला समदं दिसतं.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अंगानं काडी, पण शब्द एकदा तोंडातून गेला की पहारीनं उपटला तरी निघायचा नाही. आमचं जुनं गाव ढवळी नदीच्या काठी होतं. नदीला धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि आम्हाला वर माळावर वसाहतीत आणून टाकलं. धरणाच्या पायथ्याला वीज काढायचं पावरहाऊस उभं राहिलं. उठलेल्या घरातल्या एकेकाला तिथं नोकरी देणार म्हणून सांगितलं होतं. दिलीही कित्येकांना. आमच्या घराचं नाव तेवढं दर खेपेला पुढच्या खेपेवर जायचं. हे तिथंच रोजंदारीवर होते. धरणाच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, तिला अडकलेल्या फांद्या, गवत, कधी मेलेलं जनावर ओढून काढायचं. पोरगं-पोरगं म्हणत चाळिशी आली, पण कायम काही झालं नाही.

मग एक दिवस आत्याबाई डोंगर चढून भैरोबाला गेल्या आणि बोलून आल्या. माझ्या लेकाला कायम कर. होईस्तवर त्याच्या पायात वहाण चढणार न्हाई. झाला की तुझ्यासाठी नव्या वहाणांचा जोड आणीन. आमच्या भागात भैरोबाला वहाणाच वाहतात. देव शीव राखत फिरतो, त्याच्या झिजतात, अशी समजूत.

नवस बोलली आई आणि पाय पोळले लेकाचे. मी हे त्यांना किती वेळा ऐकवलं असेल! ते नुसते हसायचे. “आईनं सबूद दिलाय,” म्हणायचे, “माझ्या पायाचं काय, पाय माझंच हायत, कुटं जात्यात?”

काटा निघाला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

“ह्यो बघा. भैरोबाला दाखवा आनि म्हणावं, आता तरी आवर.”

“आवरलंच बघ त्यानं,” ते उठून पाय टेकवून बघत म्हणाले. “आज शेवटचा दिस. आज झाकण लागलं की साहेब नाव वर पाठवणार. सोताच्या तोंडानं बोलल्यात.”

ते खरंच होतं. पावरहाऊसात दोन मशिनी. दर उन्हाळ्यात पाळीनं एक बंद करून दुरुस्त करायची. धरणातून मशिनीपर्यंत लोखंडी नळ येतो, आतून बैलगाडी जाईल एवढा. मशिनीपाशी तो चाकाभोवती वळसा घेऊन बारीक होत जातो. त्या वळशाला आमची माणसं शंख म्हणायची. वरचं दार पाडून पाणी तोडायचं, नळ रिकामा करायचा, शंखाच्या कुशीतलं झाकण उघडायचं आणि माणसांनी त्यातून आत शिरून गंज खरवडायचा, रंग द्यायचा. आतलं काम कायमवाल्यांचं. त्या वर्षी पहिल्यांदा साहेबानं ह्यांना जाळीवरून उचलून शंखात घातलं होतं. नळात सगळ्यांत लांबवर सरपटत जाणारा माणूस हवा होता आणि हे चिपाडासारखे होते. ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. रोज संध्याकाळी येऊन मला शंखाच्या गोष्टी.

“आत जाण्याआधी नारळ फोडत्यात, म्हाइतंय? आनि समदी झाकणाभाईर वहाणा काढत्यात. आत शेवाळ, रबरी चपला घसरत्यात. आनि आपलीच नदी हाय की गं ती. तिच्या घशात पायतान घालून कसं जायाचं?”

“बरंय तुमचं. काढायची कटकटच न्हाई.”

“आनि नलवडे मिस्त्री त्या चपलांकडं बघत बसतो, लगनात पावण्यांच्या चपलांवर बसवत्यात तसा!”

आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

त्या सकाळी जाताना ते दारात थांबले. आत्याबाई चुलीपासून उठून आल्या, त्यांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. “आज गुळाची लापशी करतो,” म्हणाल्या. “हौसा घेऊन यील दुपारी. गरम हाय तवर खा.”

हे अनवाणीच माळ उतरून गेले. काटा काढलेला पाय जरा जपून टाकत होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी भाकरी आणि लापशीचा डबा घेऊन खाली गेले. पावरहाऊसच्या मागं डोंगरउतारावर तो नळ उघड्यावरच टाकलेला आहे. नळाला खेटून एक करंज होता, त्याच्या सावलीत बायका डबे घेऊन बसायच्या. त्या दिवशी मी एकटीच होते. आत चालू असलेल्या दुसऱ्या मशिनीची घरघर भिंतीतून येत होती. ती बारमाही, तिची सवय झालेली. मारुती वॉचमन गेटाशी खुर्ची टाकून बसला होता.

“झालं का त्यांचं?” मी विचारलं.

“झालं. झाकण लागलं. पाणी सोडलंय नळात. येतीलच हात धुऊन.”

मी डबा फडक्यात नीट गुंडाळून ठेवला. तेवढ्यात नळ वाजला. ठण्ण. मग परत, ठण्ण, ठण्ण. मी दचकून नळावरचा हात काढला.

“मारुतीभावजी, काय वाजतंय ह्ये?”

“नळ भरतोय. रिकामा नळ भरताना वाजतोच वैनी. पोटात वारा असतो त्याच्या.”

“म्हंजी आमच्या मामंजींवाणीच की. हरभऱ्याची डाळ खाल्ली की अशीच वाजायची सवारी.”

मारुती खुर्चीवर डोलून डोलून हसला. मीही हसले. नळ वाजतच होता. थोडा वेळ भराभर वाजला, मग थांबून थांबून. लोखंडाला पाठ लावून बसले होते, ते पाठीला समजत होतं. गार लागत होतं म्हणून मी तशीच टेकून राहिले. मग वाजायचं थांबलं.

“भरला,” मारुती म्हणाला.

माणसं बाहेर आली. तेलकट हात, रंगानं माखलेली तोंडं, काम संपल्याची मजा. एकेकानं चपला काढून तोटीखाली हातपाय धुतले, चपला परत सरकवल्या, डबे सोडले. मी मान उंचावून बघत होते. सगळ्यांत शेवटी नलवडे मिस्त्री आले आणि चपला शेजारी काढून डबा सोडायला बसले. पन्नाशीचा गृहस्थ, सदा खाली मान, कुणाला अरे म्हणायचा नाही.

“मिस्त्री, आमचे मालक कुटं ऱ्हायले?”

“दौलत? पुढं आला न्हाई?”

“न्हाई. मी कवापासनं हितंच हाय.”

“मग जाळीकडं गेला आसंल वर. जुनी सवय हाय त्याची, चैन पडत न्हाई.”

“जाळीची वाट ह्याच गेटातनं हाय. मारुतीभावजी, गेले का ओ वर?”

मारुतीनं मान हलवली. मिस्त्रींनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला, पण अजून घाबरले नव्हते. मला समजवायच्या सुरात म्हणाले, “आवं वैनी, भाईरच कुटंतरी आसंल. आत कुणी न्हाई. मी सोता हाळी दिली, तीनदा. आनि चपला बघूनच झाकण लावलं. जोवर एक बी चपल ऱ्हाती तोवर मी झाकणाला हात लावत न्हाई. आमचा ह्यो नेमच हाय, आज न्हाई, पहिल्या दिसापासनं. झाकणापुढं एक बी चपल नव्हती.”

माझी नजर त्यांच्या शेजारच्या चपलांवर गेली.

“मिस्त्री,” मी म्हटलं, “त्यांच्या पायात कुटं चपल आस्ती?”

साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं, दौलत अनवाणी चालतो. पोरं त्यांना चिडवायची. मिस्त्रींनी स्वतः कितीदा म्हटलं असेल, बाबा, तापलेल्या पत्र्यावर तरी फडकं बांध पायाला. सगळ्यांना ठाऊक होतं आणि झाकण लावताना ते एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मिस्त्री चपला तिथंच टाकून धावले. ओरडत धावले. “दार पाडाऽऽ! वरचं दार पाडाऽऽ!” डबे उलथे झाले, माणसं पळाली, कुणी धरणाकडं, कुणी आत. मला आत कुणी सोडलं नाही. मारुतीनं माझ्या दोन्ही दंडांना धरलं होतं आणि तो ढसाढसा रडत होता. का रडतो ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटत होतं, माणूस आत आहे, पाणी काढलं की बाहेर येईल. लापशी गार होईल एवढंच.

भरलेला नळ रिकामा व्हायला वेळ लागतो. उन्हं कलली तेव्हा झाकण उघडलं.

ते झाकणाच्या पाठीमागंच होते. हातात पाना होता. कुणीतरी आत विसरलेला मोठा पाना. आत राहिला असता तर चाकात जाऊन चाक मोडलं असतं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून परत शिरले होते, बाकीचे बाहेर पडून हात पुसत होते तेव्हा. नाव वर जायचं होतं ना, कामात खोट राहायला नको होती. नळात लांब गेलेल्या माणसाला, शेजारी दुसरी मशीन घरघरत असताना, मिस्त्रींची हाळी काय ऐकू जाणार? झाकणाच्या आतल्या बाजूचा नवा रंग जागोजाग उडाला होता, तिथं पांढरं लोखंड दिसत होतं.

ते बघितलं आणि माझी पाठ गार पडली. नळ का वाजत होता ते मला समजलं.

मातीहून आल्यावर नलवडे मिस्त्री आमच्या दारात येऊन बसले. सांगितलं तरी उठेनात. मी बाहेर गेले. ते माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकले.

“वैनी, मी चपला बघितल्या वो. मी बघितल्या...”

“मिस्त्री, गप ऱ्हावा.” मी आत बघून घेतलं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. “तुमाला माजी आण हाय. आत्याबाईंपुढं चपलांचं नाव काढू नगा. कुणीच काढू नगा. समद्यास्नी सांगा.”

आमच्या वसाहतीत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण हे गुपित सगळ्यांनी पोटात ठेवलं. निदान मला तसं वाटलं. म्हाताऱ्या बाईनं लेकासाठी देवाला शब्द घातला आणि त्या शब्दानं लेक नेला, हे तिच्या कानावर कोण घालणार? त्या मात्र परत परत विचारायच्या. भाकरी थापताना, दळण निवडताना मधेच हात थांबायचा.

“हौसा, पर झाकण लावताना बघितलं न्हाई व्हय गं कुणी?”

“बघितलं, आत्याबाई. नजरचूक झाली.”

“नजरचूक,” त्या म्हणायच्या आणि परत दळण निवडायला लागायच्या.

पावसाळा सरला आणि एके दिवशी साहेब स्वतः वसाहतीत आले. दारातच उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाई, तुमचं काम झालं. मयत कामगाराच्या जागी. मदतनीस म्हणून. कायम.”

मयत झाल्यावर ते कामगार झाले होते. जितेपणी रोजंदारी होते.

ती नोकरी मी केली. जन्मभर केली. पोटाला दुसरं काय होतं? शंखाच्या झाकणाला आता पितळेचे बिल्ले असतात. आत जाणाऱ्यानं घ्यायचा, बाहेर आल्यावर खिळ्याला लावायचा. बिल्ले वाटायचं काम बरीच वर्षं माझ्याकडंच होतं. आणि एक सांगते, रिकामा नळ भरताना खरंच वाजतो. आत कुणी नसताना वाजतो. ठण्ण, मग परत ठण्ण. मारुती खोटं बोलला नव्हता. दर उन्हाळ्यात तो वाजायला लागला की खिळ्यांवरचे सगळे बिल्ले डोळ्यांपुढं दिसत असूनही मी मिस्त्रीला म्हणायची, एकदा उघडून बघा. नवे लोक हसायचे. जुने हसायचे नाहीत, पण उघडायचेही नाहीत.

त्या दिवशी साहेब परत गेल्यावर आत्याबाई उठून माझ्याजवळ आल्या.

“काय म्हणला साहेब?”

“नोकरी दिली. मला.”

“कायम?”

“व्हय.”

त्या उंबऱ्यावर बोट घासत बसल्या. मग म्हणाल्या, “उद्या डोंगराव जायाचं. नवस फेडाय.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईवर ओरडले. “कसला नवस आत्याबाई? काय दिलं त्या देवानं? आनि काय घेतलं? तुमचं काळीज हाय का धोंडा?”

त्या ओरडल्या नाहीत. “घरात कायम आलं,” एवढंच म्हणाल्या. “देवाचं ठेवू नये.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. एकटीला डोंगरावर कशी सोडणार होते? पुढं त्या, काठी टेकत, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. वर भैरोबाचं ठाणं उघड्यावरच आहे. चार दगडी खांब, वर पत्रा आणि मधे शेंदूर फासलेला देव. देवापुढं वाहिलेल्या वहाणांचा ढीग, पावसानं काळ्या पडलेल्या, काही कोऱ्या. तिथून खाली सगळं धरण दिसतं, त्याच्या पायथ्याला पावरहाऊस, आणि डोंगरउतारावर तो नळ. वरून बघितला की बोटाएवढा दिसतो.

आत्याबाईंनी फडकं सोडलं. आत कातडी वहाणांचा जोड होता, कोरा करकरीत. देवाला वाहायच्या वहाणा चांगल्या हातभर करतात, बघणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. ह्या तशा नव्हत्या. ह्या माणसाच्या मापाच्या होत्या. कुणाच्या मापाच्या ते मला कुणी सांगायला नको होतं. तो पाय मी मांडीवर घेतला होता.

मला वाटलं, त्या आता जोड ढिगावर ठेवतील. त्यांनी तो ठेवला नाही. त्या मागं फिरल्या, पायरीशी आल्या. तिथं आम्ही दोघींनी आमच्या वहाणा काढून ठेवल्या होत्या. माझ्या वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. त्यांनी वाकून त्या सरळ केल्या. शेजारी आपल्या ठेवल्या. त्यांच्या शेजारी तो नवा जोड ठेवला, टाचेला टाच लावून, एका ओळीत. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उभ्या राहिल्या आणि देवाकडं तोंड करून, धरणापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

“ह्या बघाऽऽ! दौलतच्या वहाणा भाईर हायतीऽऽ! झाकण लावू नगाऽऽ! माझा ल्योक आत हायऽऽ!”

त्या देवाला ओरडत होत्या का खाली पावरहाऊसला, मला कळलं नाही. त्यांना कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हेही मी कधी विचारलं नाही. ‘बघितलं न्हाई व्हय कुणी’ असं त्या मला महिनोन्‌महिने विचारत होत्या, तेव्हाही बहुतेक त्यांना माहीत होतं. मी सांगते का, तेवढंच बघत होत्या.

आवाज बसेपर्यंत त्या ओरडल्या. मी त्यांना धरून खाली बसवलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या म्हणाल्या, “हौसा, आत असताना त्यानं हाक मारली आसंल का गं?”

“न्हाई आत्याबाई,” मी म्हणाले. “काय सुदीक कळलं नसंल त्यांना. पाणी यकदम आलं.”

“व्हय का?”

“व्हय.”

उन्हं उतरायला लागली तेव्हा मी त्यांना उठवलं. आम्ही आपापल्या वहाणा पायात घातल्या आणि तो जोड पायरीशी तसाच ठेवून डोंगर उतरलो.